वाचकाच्या निवडीचा अधिकार



सकाळी दारात पडणारे वृत्तपत्र आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अखंड वाहणाऱ्या बातम्या यांत एक मोठा भेद आहे. वृत्तपत्राला शेवटचे पान असते. पडद्यावरील बातम्यांना ते नसते. शिवाय वृत्तपत्र वर्गणीदाराने स्वतः निवडलेले असते. समाजमाध्यमांवर मात्र वाचकापुढे आधी काय यावे, हे बहुधा ती चालविणाऱ्या कंपन्यांची गणिते ठरवितात. वाचक जितका अधिक वेळ खिळून राहील, तितक्या अधिक जाहिराती त्याच्या दृष्टीस पडतात. मग त्या गणितांचा कल कोणीकडे असणार, हे सांगावयास नको.

या स्थितीवर एक साधा उपाय आहे. त्याचे नाव फीड रीडर. मराठीत त्यास वृत्तसंग्राहक म्हणावयास हरकत नाही. त्याची कार्यपद्धती मुळीच अवघड नाही. अनेक वृत्तपत्रे, नियतकालिके व संस्था आपल्या संकेतस्थळावर एक छोटी फाईल ठेवतात. नव्या लेखाचे शीर्षक, दिनांक, दुवा आणि बहुधा थोडा सारांश तीत नोंदलेला असतो. वाचकाने नेमून दिलेल्या स्थळांच्या या फायली संग्राहक ठराविक वेळाने तपासतो व नव्या नोंदी एके ठिकाणी कालक्रमाने मांडतो. दहा गावांची पत्रे टपालवाल्याने एकाच थैलीतून आणावीत, तसाच हा प्रकार होय.

या फायलीच्या एका प्रचलित रचनेस आर.एस.एस. म्हणतात. तिचा पहिला आराखडा मार्च १९९९ मध्ये अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत सिद्ध झाला. मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेले रामनाथन गुहा यांचा त्यात प्रमुख वाटा होता. ही रचना कोणा एका कंपनीच्या मालकीची राहिली नाही, हेच तिचे बळ ठरले. पॉडकास्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रित मालिकाही आज याच रचनेच्या आधारे श्रोत्यांपर्यंत पोहोचतात.

साधनाचे मात्र तसे नाही. गूगल कंपनीने २००५ मध्ये सुरू केलेला गूगल रीडर अतिशय लोकप्रिय झाला. पण १ जुलै २०१३ रोजी कंपनीने तो बंद केला. ज्यांनी आपल्या स्थळांची यादी आधीच उतरवून घेतली होती, त्यांनी ती फीडलीसारख्या दुसऱ्या संग्राहकात नेली व त्यांचे वाचन अखंड राहिले. ही यादी ओ.पी.एम.एल. नावाच्या फायलीत साठविता येते. तिची एक प्रत वाचकाने नेहमी स्वतःजवळ ठेवावी. साधन परक्याचे असले, तरी निवड आपली असते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला या साधनाचा विशेष उपयोग आहे. बेळगावचा वाचक मराठी आणि कन्नड, इंदूरचा मराठी आणि हिंदी, बडोद्याचा मराठी आणि गुजराती अशा दोन भाषांतील पत्रे शेजारी शेजारी लावू शकतो. अर्थात त्या पत्रांनी अशी फाईल ठेवलेली असली पाहिजे. एकाच घटनेची दोन वृत्ते एकत्र वाचली, म्हणजे कोणी काय सांगितले आणि काय गाळले, हे ध्यानात येते. सीमेवर राहणाऱ्याला शेजाऱ्याचे म्हणणे ठाऊक असणे, हा शहाणपणाचा भाग आहे.

परंतु साधन हाती आले म्हणून विवेक आपोआप येत नाही. शंभर स्थळे जोडली, तर न वाचलेल्या लेखांचा आकडा कर्जाप्रमाणे वाढत जातो. केवळ आपल्याच मताची स्थळे जोडली, तर वाचकाने स्वतःभोवती स्वतःच भिंत बांधली, असे होते. यास्तव प्रारंभी आठ-दहा स्थळे पुरेत. स्थानिक वृत्त, देशाचे वृत्त व आवडीचा विषय असे त्यांचे तीन गट करावेत आणि एखादे स्थळ न पटणाऱ्या मताचेही ठेवावे. महिनाभर जे उघडलेच नाही, ते निःसंकोच काढून टाकावे.

धान्य घरात येण्यापूर्वी पाखडावे लागते. बातमीचेही तसेच आहे. फक्त सूप वाचकाच्या हाती असले पाहिजे.