शरणपूर रोड आणि स्वाहिलीचं वाक्य



'सध्या काय चाललंय' ते प्रत्येकाने पाच मिनिटांत सांगायचं ठरलंय. नोकरी, मुलं, गुडघे हे सगळं ग्रुपवर येऊन गेलंय, म्हणून मी एकच गोष्ट सांगते. मी स्वाहिली शिकतेय. आमच्या टीममधले काही जण नैरोबीचे आहेत. काम इंग्रजीतच चालतं, त्यामुळे गरज अशी नव्हती, हौस म्हणा.

पहिलं वाक्य ऐका. 'म्तोतो अनासोमा किताबू.' म्तोतो म्हणजे मूल. किताबू तुम्ही ओळखलंतच. क्रियापद मध्ये येतं, पण त्या 'अनासोमा'त बरंच काही भरलंय. 'अ' म्हणजे तो किंवा ती, 'ना' म्हणजे आत्ता, 'सोमा' म्हणजे वाचणं. 'ना'च्या जागी 'ली' घातलं की वाचलं, 'ता' घातलं की वाचेल. 'निताकूपा' या एका शब्दात 'मी तुला देईन' हे सगळं येतं: नि म्हणजे मी, ता म्हणजे पुढे, कू म्हणजे तुला, पा म्हणजे देणं. प्रत्येक तुकड्याची जागा ठरलेली. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हे फार आवडतं.

पुढचा भाग इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं भीती घालत घालत सांगतात. नामांचे वर्ग असतात आणि वाक्यातल्या इतर शब्दांना त्या वर्गाप्रमाणे बदलावं लागतं. 'किताबू किझूरी किमोजा किमेआंगूका', म्हणजे एक चांगलं पुस्तक पडलंय. दोन पडली तर 'विताबू विझूरी विविली विमेआंगूका'. इंग्रज माणूस इथे दचकतो. आपण कशाला दचकायचं? चांगला मुलगा आला, चांगली मुलगी आली, चांगलं पुस्तक आलं, हे आपण न शिकता बोलतो. व्याकरणाच्या तासाला लिंग-वचन घोकलं ते वर. आपलं जुळणं शब्दाच्या शेपटाला, त्यांचं तोंडाला, एवढाच फरक. किताब हा शब्द तर अरबीतून आलेला. स्वाहिलीने त्यातला 'कि' आपलाच उपसर्ग धरला आणि अनेकवचन करून टाकलं विताबू! माझं स्पष्ट मत आहे की मराठी माणसाने ही भाषा इंग्रजीच्या खांद्यावरून शिकू नये, सरळ मराठीवरून शिकावी.

आणि एक सूट मिळते. स्वाहिलीत तो-ती भेद नाही. मी जाते की जातो, हा प्रश्नच येत नाही.

याच भेदापाशी मला शरणपूर आठवलं. शरणपूर रोडवरून आपण सगळे हजारदा गेलोय. तिथे ख्रिस्ती मिशनची वसाहत १८५४ साली वसली. इंग्रज आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं, त्यांतली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जायची, आणि १८६० पासून त्यांतली कित्येक या शरणपुरात आणून ठेवली गेली. नावंही नवी मिळाली. त्यांतला एक जेकब वेनराइट, याओ समाजातला. १८७३ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा झाडावर त्यांचं नाव कोरलं ते या नाशिकमध्ये शिकलेल्या मुलाने. शवपेटीबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत पेटीला खांदा देणाऱ्यांतही होता.

याओ ही स्वाहिलीच्याच कुळातली भाषा. तिच्यातही जुळणं पुढून होतं आणि तो-ती भेद नाही. म्हणजे मी आज जी वाट चालतेय, ती ही मुलं उलट्या दिशेने चालली असणार. गोदेकाठी कानावर पडणाऱ्या भाषांत जुळणं शेवटी, आणि 'येतो' म्हणायचं की 'येते' याचा नवाच हिशेब. मी चहाचा कप घेऊन मोबाइलवर धडे करते, कंटाळा आला की बंद करते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. घरी ज्या भाषेत हाक मारत ती भाषा बोलणारं जवळ कितीजणांना उरलं असेल, कोण जाणे.

१८७५ च्या सुमारास यांतले बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनला जाऊन राहिले. ती वसाहत उभी करायला गेले तेही शरणपूर वसवणारे रेव्हरंड प्राइसच. तिथल्या घंटेवरून त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे घंटा, 'नी' म्हणजे आपला सप्तमीचा प्रत्यय. घंटेपाशी. हा मात्र आपल्यासारखा शेपटाला लागतो! न्युंबा म्हणजे घर, न्युंबानी म्हणजे घरी. शुले म्हणजे शाळा, शुलेनी म्हणजे शाळेत.

पाच मिनिटं झाली, बाई घड्याळ दाखवताहेत. शेवटचं वाक्य सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हणायचं आहे. 'तु' आम्ही, 'ली' होऊन गेलेलं, 'सोमा' वाचणं आणि शिकणंही, 'मोजा' म्हणजे एक, त्यातला ज 'जीवना'तला, पायातल्या मोज्यातला नव्हे. एकाच शाळेत शिकलो. म्हणा: तुलीसोमा शुले मोजा.