स्वरदुरुस्तीचे यंत्र आणि शिक्षकाचा कान

(शालेय संगीतशिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गायकाचा स्वर किंचित चढला वा उतरला, तर तो ध्वनिमुद्रणानंतर सुधारता येतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. चित्रपटगीत असो वा जाहिरातीतील गाणे, आपल्या कानी पडणारे अनेक आवाज या संस्कारातून गेलेले असतात. याविषयी मते मात्र दोन टोकांची आहेत. २०१० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने या तंत्राची गणना पन्नास सर्वांत वाईट शोधांत केली. २०२३ मध्ये त्याच तंत्राच्या जनकाला ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार देण्यात आला. या वादात न शिरता मला आपल्यापुढे एकच प्रश्न मांडावयाचा आहे : यंत्र स्वर दुरुस्त करते, ते कोणत्या मापाने?

यंत्राची रीत

या तंत्राचे जनक अँडी हिल्डेब्रँड हे अमेरिकन अभियंते मुळात खनिज तेलाच्या संशोधनातील. भूगर्भात ध्वनिलहरी पाठवावयाच्या आणि परतलेल्या लहरींच्या गणितावरून खालच्या थरांची रचना ताडावयाची, हे ते क्षेत्र. त्याच जातीचे गणित त्यांनी मानवी आवाजाला लावले आणि १९९७ मध्ये 'ऑटो-ट्यून' ही संगणक-प्रणाली बाजारात आली.

ध्वनिमुद्रणात आवाज सेकंदाला सामान्यतः ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत साठविला जातो. प्रणाली त्या आकड्यांतील आवर्तन शोधते, त्यावरून स्वराची कंपनसंख्या काढते, निवडलेल्या सप्तकातील सर्वांत जवळचा स्वर पाहते आणि आवाज तेथे नेऊन बसविते. हा वेग मंद ठेवला, तर दुरुस्ती सहसा कळत नाही. तो अतिशीघ्र केला, की आवाज पायऱ्यांवरून उड्या मारल्यासारखा यांत्रिक होतो. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' या गीतात हा परिणाम हेतुपुरस्सर साधण्यात आला आणि पुढे ती एक गायनशैलीच झाली. २००१ मध्ये जर्मनीतून आलेल्या 'मेलोडाइन'मुळे एकेक स्वर पडद्यावर पाहून सुटा हलविण्याचीही सोय झाली.

माप कोणते?

जवळचा स्वर म्हणजे कोणता, हे यंत्र स्वतः ठरवीत नाही. ते माप माणूस भरतो, आणि बहुधा ते पाश्चात्त्य वाद्यांच्या बारा समान अंतरांचे असते. षड्जाची कंपनसंख्या २४० धरली, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० येतो. समान अंतरांच्या मापाने तोच सुमारे ३०२.४ होतो. पंचमात फरक जेमतेम अर्ध्या कंपनाचाही नाही. गंधारात मात्र तो तयार कानाला खुपतो. म्हणजे तंबोऱ्यात अचूक मिळालेला गंधार यंत्राच्या लेखी उतरलेला ठरतो आणि ते त्याची 'दुरुस्ती' करते! दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार तर एका जागी थांबतच नाही. दोन स्वरांमधील मींड हा जेथे रागाचा प्राण, तेथे ती वाट पुसून केवळ मुक्काम ठेवले, तर रागाचे काय उरणार?

हा वाद आपल्याकडे नवा नाही. १९४० मध्ये आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली आणि ती शिथिल होण्यास सुमारे तीन दशके लागली. त्या पेटीचे ठरलेले स्वर हाच मुख्य आक्षेप होता. त्याही आधी, निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल यांनी सांगलीत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने स्वरांची मोजदाद केली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी गायक-वादकांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकच स्वर निरनिराळ्या कलावंतांकडे, किंबहुना एकाच कलावंताच्या एकाच गायनातही, थोडा इकडेतिकडे होतो असे आढळले. आज काही प्रणालींत इतर परंपरांची स्वरमापे समाविष्ट आहेत, हे स्वागतार्ह आहे. तथापि केवळ माप बदलल्याने हा प्रश्न सुटत नाही. या क्षणी, या रागात, या स्वराची जागा कोणती, याचा निर्णय अखेर कानच करतो.

आपले कार्य

याचा अर्थ यंत्र त्याज्य आहे, असा नव्हे. भाव उत्कट उतरला आणि एखादा स्वर तेवढा हुकला, तर संपूर्ण गीत पुन्हा गाण्यापेक्षा तेवढाच सुधारणे शहाणपणाचे आहे. खर्चाच्या दृष्टीने लहान कलावंताला तो मोठाच आधार होय. चिंता आहे ती मुलांच्या कानांची. अहोरात्र निर्दोष केलेले आवाज ऐकणारे मूल स्वतःचा कोवळा, डळमळता आवाज त्यांच्याशी ताडून पाहते, आणि आपल्याला गळाच नाही असे मानून गप्प बसते. ते ज्या आवाजाशी तुलना करते, तो आवाज त्या गायकाचाही जसाच्या तसा नसतो, हे त्याला कोण सांगणार?

ते आपणच सांगावयाचे आहे. वर्गात तंबोरा वाजू द्या. तो नसेल तर इलेक्ट्रॉनिक तंबोराही चालेल. मुलांचे गाणे भ्रमणध्वनीवर मुद्रित करून कोणतीही दुरुस्ती न करता त्यांना ऐकवा. स्वराची उंची पडद्यावर दाखविणारी साधने आरशासारखी वापरा, परंतु आधी विचारा, "तुला काय ऐकू आले?" शाळेच्या गीतांचे ध्वनिमुद्रण करताना आवाज सुधारून घेतले, तर तसे मुलांना मोकळेपणाने सांगा.

यंत्र चुकलेला स्वर हलवू शकते. तो चुकला हे ओळखण्याची शक्ती मुलाला देऊ शकत नाही. ती शक्ती देण्याचे काम आपल्याकडे आहे आणि त्यासाठी लागणारा कान प्रत्येक शाळेतील प्रत्येक मुलापाशी आहे.