बेन, बिन आणि बार

घाटकोपर-मुलुंडला ‘बेन’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. अंधेरीच्या कोकिलाबेन इस्पितळामुळे तर तो साऱ्या मुंबईच्या तोंडी आहे. मुलुंडची हद्द ओलांडून ठाण्यात शिरलं की 1879 सालचं ‘शाआर हाशामाईम’ सिनेगॉग आहे. ते बांधलं बेने इस्राएलांनी. मराठी ही मातृभाषा असलेल्या या ज्यू समाजाच्या नावातही ‘बेन’ आहेच. हिब्रूत बेन म्हणजे मुलगा, आणि बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची मुलं. उच्चार सारखा, पण सोयरीक काहीच नाही. गुजराती बेन आपल्या बहिणीप्रमाणेच ‘भगिनी’पासून आली. नुसत्या उच्चारसाम्यावर विसंबू नये, हे यावरून पटावं. ही अट पाळूनही माझं म्हणणं असं की हिब्रू ‘बेन’, अरबी ‘इब्न’ किंवा ‘बिन’ आणि अरामी ‘बार’ हे मुळात एकच.

हिब्रू आणि अरबीबद्दल फारसा वाद होणार नाही. बेने इस्राएलमधला ‘बेने’ आणि प्रेषित महंमदांच्या बनू हाशिम कुळातला ‘बनू’ शेजारी ठेवले की पुरे. अडचण ‘बार’ची आहे. ख्रिस्ताचा शिष्य बार्थोलोम्यू म्हणजे अरामीत तलमईचा मुलगा. इथे ‘न’ नाही, ‘र’ आहे. पण त्याच अरामीत अनेक मुलगे म्हणायचं झालं तर शब्द येतो ‘बनीन’, आणि ‘न’ पुन्हा हजर होतो. यावर कुणी म्हणेल, आपल्या ‘जातो’ आणि ‘गेला’मध्येही दोन वेगळे धातू एकत्र नांदतातच, तसंच हेही असेल. शंका रास्त आहे. तिचं उत्तर भलत्याच शब्दात, दोन या आकड्यात सापडतं. अरबीत दोन म्हणजे ‘इथ्नान’, हिब्रूत ‘श्नायिम’, अरामीत मात्र ‘त्रेन’. इथेही ‘न’च्या जागी ‘र’! येमेन-ओमानच्या सीमेवरच्या मेहरी भाषेतही याच दोन शब्दांत ‘र’ आहे, आणि मुलग्याच्या अनेकवचनात तिथेही ‘न’. इतके योगायोग एका ठिकाणी जमत नाहीत. कारण उच्चारात आहे. अरबी ‘इब्न’ आणि ‘इथ्नान’ या दोहोंच्या सुरुवातीचा ‘इ’ म्हणजे स्टेशनचं इस्टेशन करणारा ‘इ’. आधी स्वर आला की तो गळून पडतो. म्हणजे मूळ शब्द जोडाक्षराने सुरू होत होते, आणि व्यंजनाला थेट चिकटलेल्या या ‘न’चा अरामी-मेहरीत ‘र’ झाला. अनेकवचनात मध्ये स्वर आला, म्हणून तिथला ‘न’ वाचला.

मुलगी या शब्दाने हे पारखून पाहता येतं. ज्यू मुलाच्या तेराव्या वर्षीच्या ‘बार मित्सवा’त अरामी बार आहे, तर मुलीच्या ‘बात मित्सवा’त हिब्रू बात. या ‘बात’मध्ये ना ‘न’ दिसतो ना ‘र’. अरबीत मुलगी ‘बिन्त’, अरामीत ‘ब्रत’. आणि खुद्द हिब्रूत अनेक मुली म्हणायचं झालं की ‘बानोत’.