हौसाआजीची बैलगाडी
(तालुका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बाजारभावाचा विषय थोडा बाजूला ठेवतो. हौसाताई पाटलांची आठवण काढायची आहे. 23 सप्टेंबर 2021 रोजी त्या गेल्या. वय नव्वदीच्या पुढे. चळवळीतल्या पोरांची ती आजीच. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक एवढे सांगून वक्ते मोकळे होतात, ते मला पुरेसे वाटत नाही.

ठाण्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. 1943 साल, प्रतिसरकारचा काळ. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवराबायकोचे भांडण पेटले. शिपाई सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात तूफान सेनेच्या माणसांनी आतल्या बंदुका पळवल्या. नवरा खोटा, भांडण खोटे. सोंग वठावे म्हणून मार तेवढा खरा. ही गोष्ट सांगताना सभेत हशा पिकतो. मार खाणारी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती, हे हसताना ध्यानात राहत नाही.

गोव्याची गोष्ट त्याहून मोठी. हत्यारे आणताना पकडलेला साथीदार पणजीच्या तुरुंगात होता. ही बहीण म्हणून भेटायला गेली. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात. परतताना रेल्वेची वाट बंद, कारण पोलिसांनी तिला पाहिलेले. मांडवीला नाव नाही. मग रात्री एका पेटीवर पालथी पडून ती पाण्यात उतरली, साथीदार बाजूने पोहत राहिले. पुढे रानावनातून पायी घर गाठले.

पण मला बोलायचे आहे ते बैलगाडीबद्दल. ती कोणी सांगत नाही.

आई गेली तेव्हा हौसा तीन वर्षांची. नानांनी तलाठ्याची नोकरी सोडून स्वतःला चळवळीत झोकून दिले. सरकारने घरदार, जमीन जप्त केली. गावात काम द्यायला लोक भीत होते. घरात आजी आणि ही पोर. शेवटी मामाने एक बैलजोडी आणि गाडी दिली. गूळ, शेंगा, जोंधळा भाड्याने वाहायचा. ताकारीपर्यंत गाडी गेली तर 3 रुपये, कऱ्हाडपर्यंत गेली तर 5.

मी शेतकी कॉलेजात शिकलो. उत्पादन खर्चाचा तक्ता भरायला आम्हाला शिकवले: बियाणे, खत, बैलांचा चारा, अवजारांची झीज, घरच्या माणसांची मजुरी. शेवटचा रकाना सरकारी हिशेबात कसा आखडतो ते तुम्ही जाणता. पण एक माणूस पूर्णवेळ चळवळीत उतरला की त्याच्या घरचा खर्च कोण भागवतो, हा रकानाच नाही. नानांच्या घरी तो खर्च गाडीच्या भाड्यातून आणि आजीने रानातून आणलेल्या भाजीपाल्यातून भागला. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरी कोण भागवते? (इथे बसलेल्या पुरुषांनी मान खाली घालू नये, उत्तर द्यावे.)

नाना 1957 ला साताऱ्यातून आणि 1967 ला बीडमधून लोकसभेवर गेले. हौसाताईंनी पद मागितले नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये देशभरचे शेतकरी दिल्लीत मोर्चाने गेले, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या या बाईने निरोप धाडला की शेतमालाला नीट भाव मिळाला पाहिजे, आणि न्यायासाठी मीही तिथे येईन. तिला सत्कार नको होता, मोर्चात जागा हवी होती.

आता एक काम. तुमच्या गावात सत्तरीपुढच्या बाया आहेत. मोर्चाच्या भाकरी भाजलेल्या, नवरा तुरुंगात असताना पेरणी उरकलेल्या. कुणाचे कर्ज किती होते, बैल कोणी दिला, भाडे काय मिळाले, त्यांच्या तोंडून जसेच्या तसे लिहून घ्या. आकडे विचारा, त्यांना ते आठवतात. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने निदान एक वही आणावी. वाचून दाखवायला त्या बाईलाच सोबत आणता आले तर गाडीभाडे तालुका समिती देईल.