प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर घरी काय पाहावे

मंडळी, लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी पुरुषाला प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वय झाले की ती वाढते आणि लघवीची वाट दाबते. मग कोणी चंद्रपूरला, कोणी गडचिरोलीला, कोणी नागपूरला जाऊन ऑपरेशन करून येतो. बहुतेकांचे ते दुर्बिणीने होते. पोटावर टाका दिसत नाही. पण आत जखम असते, आणि ती भरायला महिना-दीड महिना लागतो. तोवर लाकडाची मोळी, धानाचे पोते, नांगर, सायकल, सारे बंद. शौचाला कुंथूही नये.

लघवी गुलाबी दिसली तर भिऊ नका. दहा-बारा दिवसांनी आतली खपली सुटते, तेव्हा पुन्हा थोडे रक्त दिसते. पाणी प्या, स्वस्थ बसा, रंग निवळतो. (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर पाणी किती प्यावे ते डॉक्टरांना विचारा.) पुन्हा पुन्हा उठावे लागते म्हणून पुष्कळ जण पाणीच कमी करतात. तसे करू नका.

पण लघवी टमाटरच्या रसासारखी लाल, दाट झाली, गुठळ्या पडू लागल्या, तर लगेच निघा. गुठळी वाटेत अडकली की लघवी बंद होते, ओटीपोट फुगते, माणूस तळमळतो. नळी असेल आणि लघवी उतरत नसेल, तरी तेच. नळी घरी ओढू नका.

आता तापाचे ऐका. आपल्या जंगलपट्टीत थंडी वाजून ताप आला की सगळे म्हणतात, हिवताप! रक्त जरूर तपासा. पण ऑपरेशन झालेल्याला असा ताप लघवीतल्या जंतूंनीही येतो. ते रक्तात पसरले तर माणूस दगावतो. म्हणून आशाताईंना आधी सांगा, "बाबांचं ऑपरेशन झालंय." हिवतापाच्या गोळ्या खाऊन घरी पडून राहू नका.

एका पायाची पोटरी सुजून दुखली, एकाएकी दम लागला, तरीही दवाखाना गाठा.

म्हातारी माणसे लाजतात. सुनेला कसं सांगू, म्हणतात. मग मुलाला सांगा, नातवाला सांगा, पण सांगा.

पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता किती वेळा तुटला, हे तिकडच्या मंडळींना ठाऊकच आहे. दूरच्या गावच्या माणसाने पावसाळ्यात पहिले पंधरा दिवस दवाखान्याजवळच्या सोयऱ्याकडे राहावे. १०८ नंबरची रुग्णवाहिका राज्यात २०१४ सालापासून आहे, पैसे पडत नाहीत. फोन लागला नाही तर गावातली जीप काढा, आणि ऑपरेशनचा कागद सोबत घ्या.