ओव्याचें तेल आणि जंतुनाश

ओव्याचा दाणा चावला म्हणजे जीभ क्षणभर चुरचुरते व बधिर होते. हा गुण ज्या द्रव्याचा, जंतूंचा नाश करण्याचा गुणही मुख्यतः त्याचाच.

दाणे भरडून त्यांतून पाण्याची वाफ सोडावी व ती वाफ नळींतून नेऊन निववावी, म्हणजे पाण्यावर तेलाचा थर तरंगूं लागतो. शंभर भाग ओव्यांत असें तेल २ ते ४ भाग निघतें. तें थंड जागीं ठेविलें कीं पांढरे स्फटिक बसतात. बाजारांत यांस ओव्याचें फूल म्हणतात, रसायनशास्त्रांत थायमॉल. कापूर व पुदिन्याचें फूल यांच्याबरोबर तें खललें असतां तिन्ही घन पदार्थांचें पाणी होतें. घरोघरची अमृतधारा ती हीच.

लिस्टरनें १८६७ मध्यें ज्या कार्बोलिक आम्लाचा शस्त्रक्रियेंतील उपयोग प्रसिद्ध केला, त्याचें थायमॉल हें भाऊबंदच. मात्र जंतुनाशांत त्याहून कितीतरी प्रखर. जंतूच्या देहाभोंवतीं स्निग्ध द्रव्याचें पातळ आवरण असतें. थायमॉल त्यांत शिरतें, आवरण ढिलें पडतें, आंतील क्षार बाहेर पाझरतात व जंतु मरतो. ज्या जंतूंवर दुसरें बाह्य कवच असतें, ते मात्र पुष्कळदां दाद देत नाहींत.

१९१४ च्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांतील ओवा जहाजें भरून जर्मनीस जाई व तेथून थायमॉल होऊन परत विकावयास येई! युद्धानें ती वाट बंद झाली, तेव्हां कोठें येथें तें काढण्याकडे लक्ष गेलें.

बिद्रीच्या आसपास दूधगंगेच्या पाण्यावर ऊंस पिकतो. अशा ओल्या रानांत अनवाणी राबणाराच्या तळपायांतून अंकुशकृमीचीं पिलें शरीरांत शिरूं शकतात. पुढें तो कृमि आंतड्यास चिकटून रक्त पितो व धडधाकट माणूस पांढरा पडतो. एकेकाळीं यावर थायमॉल हेंच मुख्य औषध होतें. परंतु रोग्यास त्या दिवशीं तेल, तूप व मद्य कटाक्षानें वर्ज्य असे. कारण स्निग्ध पदार्थांत तें विरघळतें, आंतड्यांत न राहतां रक्तांत जातें व विषबाधा होते. त्यानें रोगी दगावलेही आहेत. आतां अल्बेंडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या एका गोळीनें बहुधा काम भागतें.

प्रयोगशाळेच्या बशींत जंतु मेला, म्हणजे रोग्याच्या रक्तांतला मेला असें नव्हे. पोटाच्या गुबाऱ्यावर चिमूटभर ओवा व सैंधव देणाऱ्या आजीबाईंचें कांहीं चुकत नाहीं. पण दाणा आणि अर्क यांत फार अंतर आहे. तान्ह्या मुलास अर्काचे थेंब पाजणें किंवा विषमज्वरांत त्यावर विसंबून दिवस घालविणें जिवावर बेततें. थायमॉल सध्यां चूळ भरण्याच्या औषधांत असतें, आणि मधमाश्या पाळणारे पेट्यांतील गोचिडीसारखे बारीक कीटक मारण्यास त्याची वाफ वापरतात.