कापडावरचे देऊळ



सुरतेत मराठी शिकवताना वर्गात कापडाविषयी बोलावे, हे मला फार उशिरा सुचले. माझे बरेच विद्यार्थी लिंबायत-उधन्याचे, खानदेशातून आलेल्या कामगारांच्या घरचे. गेल्या वर्षी त्यांना ‘माता नी पचेडी’चे चित्र दाखवले. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, अशी देवी छापलेल्या साड्यांवर माझी आई टिकल्या चिकटवते. नगावर पैसे मिळतात. देवी कोणती, ते तिला ठाऊक नाही.”

पचेडी म्हणजे मातेच्या मागे लावायचे कापड. अहमदाबादच्या देवीपूजक समाजातील चितारा कुटुंबे ते पिढ्यान्‌पिढ्या रंगवत आली. देवळात प्रवेश नाकारला गेला, तेव्हा या समाजाने कापडाचेच देऊळ केले, असे परंपरा सांगते. मध्यभागी देवी, भोवती ओळींनी भक्त, वादक, प्राणी. देवी ओळखायची वाहनावरून: कोंबडा असेल तर बहुचरा, मगर असेल तर खोडियार, काळा बोकड असेल तर मेलडी. अक्षरओळख नसलेल्यालाही हा मजकूर वाचता येतो. हिरड्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर काळ्या रेषा काढतात. तो काळा रंग गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून होतो. लाल हवा तिथे तुरटी लावतात. वाहत्या पाण्यात धुण्यासाठी साबरमती लागे. २०२३ मध्ये भानुभाई चितारा यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली.

आता आपल्या दासोपंतांची (१५५१–१६१५) आठवण करू. अंबाजोगाईला त्यांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. वाङ्मयाच्या इतिहासात पासोडीला जागा मिळाली, कारण तिच्यावर अक्षरे आहेत. पचेडीची रवानगी मात्र आपण हस्तकलेच्या दालनात केली. देऊळ नाकारलेल्यांची रचना आपण वाचायचीच नाही, असे तर आपण ठरवले नाही ना?

पुढच्या आठवड्यात ती मुलगी सांगत आली, “आईने कामाची साडी उलगडून पाहिली. काठाजवळ मगर सापडली. आई म्हणाली, ही खोडियार.” सोबत तिने आईच्या कामातले शब्दही लिहून आणले होते. ती वही मी जपून ठेवली आहे. शिक्षक मित्रहो, अशी एकेक वही आपल्याही वर्गातून यावी, एवढीच विनंती.